नव्या रॅकांची धास्ती

आमच्या ग्रंथालयाची बातमी पेपरात छापून आली, त्या दिवशी एकट्या बाबारावांचं तोंड उतरलं होतं.

बातमी चांगली होती, चार कॉलमी, फोटोसकट. बावीस वर्षं मी रायपूरच्या या जिल्हा ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक घालते, नोंदी करते, वाचकांशी भांडते. एवढ्या वर्षांत आमचं नाव पेपरात आलं ते एकदाच, छत गळून कपाटं भिजली तेव्हा. आता मात्र गारेगार अभ्यासिका होणार होती. प्रत्येक पुस्तकावर बारकोड, लहान मुलांचा वेगळा विभाग, दृष्टिहीन वाचकांसाठी वरच्या मजल्यावर ऑडिओ आणि ब्रेलची खोली, आणि गंजक्या रॅकांच्या जागी नवे कोरे रॅक. आमचे ग्रंथपाल भैय्यालाल साहेब एरवी चहा पाजतानाही दहादा विचार करतात. त्यांनी स्वतः जाऊन पेढे आणले.

बाबाराव सुखदेवे म्हणजे आमचे शिपाई, सरकारी कागदावर ‘भृत्य’. पण त्यांचं खरं काम पुस्तकं काढून देणं आणि जागच्या जागी लावणं. वाचकाने चिठ्ठी दिली की हे रॅकांच्या गल्लीत शिरायचे. डाव्या हाताचा अंगठा लोखंडी पट्टीवरून फिरवत जायचे आणि सातव्या पट्टीला थांबून खालच्या तिसऱ्या खणातून पुस्तक ओढून आणायचे. दिवा लावलेला मी कधी पाहिला नाही. वाचक तोंडात बोट घालायचे. मी म्हणायची, “बाबाराव, तुम्ही गेल्यावर हे ग्रंथालय बंदच करावं लागेल.” ते हसायचे.

त्या दिवशी पेढा हातात तसाच धरून त्यांनी मला विचारलं, “ताई, रॅक बी बदलून राहिले का?”

“सगळे.”

“मंग पुस्तकं कोठी जातीन?”

“हा हॉल अभ्यासिकेला. पुस्तकं मागच्या बाजूला आणि थोडी वर. क्रमांकही नव्याने लावायचे आहेत.”

ते स्टुलावर बसले. पेढा खाल्ला नाही. मला राग आला. अहो, इतक्या वर्षांनी चार चांगल्या गोष्टी होतायत, तर हा माणूस सुतकात बसल्यासारखा बसलाय. ‘म्हातारपणी नवं काम नको, दुसरं काय,’ असं मी मनात म्हटलं आणि त्यांचाही पेढा उचलून खाल्ला.

खरं तर गेली दोन-तीन वर्षं बाबारावांचं काहीतरी बिनसलं होतं. समोरून नमस्कार केला तर हसून बोलायचे, पण बाजूने हाक न मारता गेलं तर ओळखही द्यायचे नाहीत. खुर्च्यांना धडकायचे. एकदा एका मुलीच्या पायावर पाय पडला, तिने आरडाओरडा केला. संध्याकाळी निघताना भिंतीच्या कडेकडेने चालायचे. आमच्या बाया कुजबुजायला लागल्या की बाबाराव घ्यायला लागले. मी आधी विश्वास ठेवला नाही. मग मीही ठेवला. तो ठेवणं फार सोपं होतं, आणि त्याची आज लाज वाटते.

रॅक बदलायचं काम सुरू झालं आणि त्यांची तऱ्हा आणखी बिघडली. मी तात्यापारा मोहल्ल्यातून पायी येते, साडेनऊला पोचते. एक दिवस नऊला आले, तर बाबाराव आधीच आत. नव्या रॅकांच्या मधे उभे. दोन्ही हात पसरून, पट्ट्या चाचपत, पुटपुटत चाललेले. शेवटपर्यंत गेले, वळले, कोपरा लागला, ‘हट्’ म्हणून परत पहिल्यापासून सुरू केलं. घामाने शर्ट भिजला होता. मी दारातून बघत होते आणि त्यांना पत्ता नव्हता. सकाळी सकाळी ही अवस्था, असं मनात येऊन मला किळस आली.

त्याच आठवड्यात नवं काचेचं दार बसलं. दुपारी बाबाराव चहा घेऊन आले ते सरळ काचेवर. कप फुटले, कपाळाला खोक पडली. अभ्यासिकेतली पोरं फिदीफिदी हसली. भैय्यालाल साहेब धावत बाहेर आले.

“क्या हुआ, बाबाराव? पीकर आए हो?”

बाबारावांनी कपाळावर रुमाल दाबला. ते घाबरले होते. मला वाटलं आता नाही म्हणतील, शपथ घेतील. पण ते खाली मान घालून म्हणाले, “हव साहेब. थोडीशी जास्त झाली.”

मी अगदी जवळ उभी होते. चहाचा वास येत होता, रक्ताचाही. दारूचा मुळीच नाही. हे मला त्या क्षणी कळलं होतं, आणि तरी मी ते डोक्यातून झटकून टाकलं. माणूस स्वतःच कबूल करतोय, मग आपण कोण शहाणे?

शिवाय मला माहीत होतं की बाबाराव दर रविवारी विहारात जातात. तिथे पंचशील म्हणतात, त्यातलं पाचवं शील दारू न पिण्याचं. म्हणजे सकाळी शपथ आणि संध्याकाळी बाटली. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, “यांना खाली वाचकांच्यात ठेवू नका. कोणाला तरी लागेल. वर पाठवा.”

साहेबांनी लगेच मानलं. “अच्छा आदमी था, बिगड़ गया,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून बाबारावांना वरच्या मजल्यावर पुस्तकं वाहायला लावलं.

वरचा मजला म्हणजे खालच्या हॉलभोवती फिरणारी अरुंद गॅलरी आणि तिच्या टोकाला ऑडिओची नवी खोली. ती खोली लावायला पायल येत होती. सव्वीस वर्षांची, जन्मापासून डोळ्यांनी अधू, अंधशाळेत शिकवते. आई-वडील नागपूरकडचे, पण वाढली इथे, त्यामुळे मराठी सगळं समजतं आणि उत्तर हिंदीत. पांढरी काठी दाराशी ठेवायची आणि खोलीभर अशी फिरायची की बघणाऱ्याने खजील व्हावं.

पहिल्याच दिवशी बाबाराव तिच्यापुढे फार बावरले. मला ते विचित्र वाटलं. मुलीला दिसत नाही, तिला घाबरायचं काय? त्यानंतर ती खोलीत असली की हे दारातच पुस्तकं ठेवून निघून जायचे.

मग तो मंगळवार आला.

गॅलरीचा जुना लाकडी कठडा ठेकेदाराच्या माणसांनी सकाळी काढून टाकला होता, काच बसवायची म्हणून. त्या जागी दोरी बांधून लाल फडकं लावलं होतं. बारा वाजता खालून एक कपाट वर ओढताना त्यांनी ती दोरी सोडली आणि तशीच टाकून जेवायला गेले. तेवढ्यात वीज गेली. वर अंधारलं, खिडकीतून येईल तेवढाच उजेड.

मी खाली काउंटरवर होते. सहज वर पाहिलं. बाबाराव हनुवटीपर्यंत पुस्तकांची चळत घेऊन गॅलरीतून चालत होते. त्यांचा उजवा कोपर बाहेर काढलेला होता, कठड्याला टेकायला. तो कोपर कठडा शोधत होता. कठडा नव्हता. म्हणून ते आणखी थोडे उजवीकडे सरकले. अजून थोडे.

ओरडावं तर दचकून पाऊल पडेल, न ओरडावं तर पडेलच. खाली फरशी होती, लोखंडी टेबलं होती, अभ्यासाला बसलेली पोरं होती. मी त्यांच्या चपलेकडे बघत राहिले. चपलेचा पुढचा भाग कडेच्या बाहेर आलेला मला खालून दिसला, आणि त्यांची नजर सरळ पुढे, अगदी शांत. तेव्हा मला कळलं. या माणसाला दिसत नाही. हा प्यायलेला नाही, याला दिसत नाही.

“काका, वहीं रुकिए.”

पायलचा आवाज होता, खोलीच्या दारातून. मोठा नाही, घाईचा नाही. “पाँव मत उठाइए. किताबें पकड़े रहिए. अब बायाँ पाँव थोड़ा पीछे. हाँ. अब दायाँ.”

बाबारावांनी मुकाट्याने ऐकलं. डावा मागे, मग उजवा. पाठ भिंतीला लागली तेव्हा ते घसरत खाली बसले आणि पुस्तकं मांडीवर, जमिनीवर पसरली. एक पुस्तक कडेवरून खाली आलं आणि माझ्यासमोरच्या टेबलावर धाडकन आपटलं. पोरं दचकून उठली. मी जिना कसा चढले ते आठवत नाही.

“तुला कसं कळलं?” मी पायलला विचारलं. मला धाप लागली होती.

“रोज काका की कोहनी रेलिंग पर घिसटती है, आवाज आती है,” ती म्हणाली. “आज नहीं आई. रेलिंग निकली है, सुबह मैंने हाथ लगाकर देखा था.”

“पण त्यांना दिसत नाही हे?”

ती गोंधळली. “वो तो पहले दिन से पता है, दीदी. उस दिन किताब देते हुए वो मेरा हाथ टटोल रहे थे. मुझे लगा सबको पता है.”

सगळ्यांना! बावीस वर्षं शेजारी बसून मला पत्ता नव्हता. मी फक्त वास घेत बसले होते.

बाबाराव भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. “किती दिवसांपासून?”

“चार वर्षं झाले,” ते म्हणाले. “पहिले बाजूचं गेलं. समोरचं दिसते, ताई. तुमचं तोंड दिसते, चष्मा दिसते. कान नाही दिसत.”

“आणि दारू?”

“थेंब नाही घेतला जन्मात. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस आहो मी.”

“मग कबूल काहून केलं?” माझ्याही तोंडून ‘काहून’च निघालं. “विहारातल्या बाया तुमच्या बायकोला, शांताबाईंना, काय काय बोलतात, ठाऊक आहे ना तुम्हाला?”

“ठाऊक आहे. ती रडते बी.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “पण ताई, दारुड्याले कोणी नोकरीतून काढत नाही. मेमो देते, दोन शिव्या देते, सोडते. आंधळ्याले काढते. दोन वर्षं राहिले होते फक्त. साहेबाले नका सांगू. तुमच्या पाया पडतो.”

आणि खरोखर ते माझे पाय चाचपायला लागले. मी पाय मागे ओढले. मला रडू फुटलं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून रायपूरला आले, रेल्वेत कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते. बाबाराव अकरा वर्षांचे असताना रेल्वेच्या दवाखान्यात डोळ्यांची नेहमीची तपासणी झाली. वडिलांना रंगीत दिवे नीट ओळखता आले नाहीत. डॉक्टरने कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि वडील इंजिनावरून उतरले ते कायमचे. कचेरीत साहेबांच्या टेबलावर पाण्याचे ग्लास ठेवायचं काम मिळालं. मोहल्ल्यातली पोरं इंजिनावरच्या ज्या माणसाला हात करायची, त्याला ती आता ‘पानीवाला’ म्हणायला लागली. वडील नंतर घरात फारसं बोलले नाहीत.

“त्याच्यासंगचे दोघं रोज पेऊन यायचे,” बाबाराव म्हणाले. “ते इंजिनावरच राहिले. माझा बाप उतरला. तवापासून मले समजलं, ताई, आजार कागदावर नाही येऊ द्याचा.”

म्हणून हा माणूस डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी गेलाच नाही. गेला असता तर पावती झाली असती, पावती ऑफिसात आली असती. रेल्वेच्या घरात वाढलेल्या पोराने रेल्वेची भीती ग्रंथालयात आणून ठेवली होती.

मी दुसऱ्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. नेलं म्हणजे ओढलं. शांताबाई दुसरा हात धरून होत्या. “कागद होईन,” बाबाराव सारखे म्हणत होते. “होऊ दे,” मी म्हणत होते खरी. नोकरी गेली तर ती माझ्यामुळे जाणार होती. आधी तक्रार मी केली, आता उजेडात आणणारीही मीच.

काचबिंदू निघाला. डॉक्टर तरुण होती, पण शांतपणे बोलली. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्यात मधला थोडा भाग शिल्लक. रोज थेंब घातले तर तेवढा टिकेल. गेलेलं परत येणार नाही. मग तिने पेन खाली ठेवून विचारलं, “चार साल पहले क्यों नहीं आए? यही बूँदें तब भी थीं.”

बाबारावांना त्या वेळी नोकरीशिवाय काही सुचत नव्हतं. ते पुन्हा पुन्हा एकच विचारत होते की हा कागद ऑफिसात पाठवावाच लागतो का.

कागद मी स्वतः भैय्यालाल साहेबांपुढे ठेवला. पायलला सोबत नेलं, कारण एकटीने जायची माझी छाती झाली नाही. साहेबांनी वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला वाटलं, संपलं सगळं.

“मैंने उस दिन सबके सामने पूछा, पीकर आए हो,” ते शेवटी म्हणाले. “और ये आदमी हाँ बोल गया.”

पायल म्हणाली, “सर, नौकरी में रहते आँख चली जाए तो निकाल नहीं सकते. ओहदा और तनख़्वाह भी घटा नहीं सकते. क़ानून है.” साहेबांना पूर्ण खात्री नव्हती. त्यांनी वर फोन लावले, पत्र पाठवलं. तीन आठवडे उत्तर नव्हतं. ते तीन आठवडे बाबाराव रजेवर घरी होते आणि शांताबाई मला रोज फोन करायच्या. “जेवत नाहीत,” म्हणायच्या. “गाडीचा आवाज आला की दाराकडे पाह्यतात. कोणी कागद घेऊन आला वाटते त्यायले.”

शेवटी आदेश आला. बाबाराव सुखदेवे यांना आहे त्याच वेतनावर ऑडिओ-ब्रेल कक्षात नेमण्यात येत आहे. साहेब स्वतः म्हणाले, “इरावती जी, आप ही देकर आइए.”

मी रिक्षा करून गेले. त्यांचं घर रेल्वे कॉलनीच्या मागे, दोन खोल्यांचं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. शांताबाईंनी दार उघडलं. माझ्या हातातला लिफाफा बघून त्यांचा रंगच उडाला. “चांगलं आहे,” मी घाईने म्हटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि चहा ठेवायला आत पळाल्या.

बाबाराव पलंगावर बसले होते. मी आदेश मोठ्याने वाचला. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावला. तिसऱ्यांदाही. मग कागद हातात घेऊन उजव्या डोळ्याजवळ नेला आणि एकेक अक्षर सरकवत आपलं नाव शोधलं.

“म्हणजे काढत नाही?”

“नाही. कोणी काढू शकत नाही. कायदा आहे तसा.”

“हा कायदा कवाचा, ताई?”

खोटं बोलता आलं असतं. परवाचा म्हणता आलं असतं, नवा निघालाय म्हणता आलं असतं. पण आयुष्यभर पुस्तकांवर छापलेलं साल बघून नोंद करायची सवय, जीभ वळली नाही. “पंचाण्णवचा,” मी म्हटलं. “नंतर नवा झाला, त्यातही हेच आहे.”

ते नोकरीला लागले शहाण्णवमध्ये.

“म्हणजे चार वर्षांपहिले सांगतलं असतं, तरी नोकरी राहिली असती.”

“हो.”

“आन् डोळे बी.”

त्यांनी कागदाची घडी घातली, ती नीट बसली नाही, पुन्हा घातली. मग पुढे वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाले, “ताई, एक काम करा. हे शांताले नका सांगू.”

“काय नको सांगू?”

“कायद्याचं साल. पहिले पहिले मी म्हटलं होतं तिले, एक डाव दवाखान्यात जाऊन येतो. तिनंच हात धरला. म्हणे, रिटायर होतपरेंत दम धरा, मंग पाहू. भेली होती बिचारी. आता हे समजलं, तर ती स्वताले माफ नाही करन.”

मी मान वर केली. शांताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, बाबारावांच्या डाव्या बाजूला, चार पावलांवर. कधीपासून, ते मला माहीत नाही. कप वाजू नयेत म्हणून चहाचा ट्रे त्यांनी पोटाशी घट्ट दाबून धरला होता. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको, काही बोलू नका.

“नाही सांगत,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की, बाबाराव.”

शांताबाई पाऊल न वाजवता मागे सरकल्या, आत गेल्या. ट्रे ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. नळ थोडा वेळ वाहिला. मग आतून, आत्ताच गॅस बंद केल्यासारख्या, नेहमीच्या आवाजात त्यांनी हाक दिली, “आनू का जी चहा?”